मामांच्या मोबाइलमधली चाबी

मे २०२३ मध्ये अकोल्याहून मामांचा फोन आला. साधा फोन, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नाही. मामा साधा फोन शक्यतो कुणी गेल्याची बातमी द्यायलाच करतात, त्यामुळे मी पुण्यात चालू मीटिंग सोडून बाहेर आलो.

"अरे, ते व्हीपीएन का काय असते ना, ते टाकून दे बरं माह्या मोबाइलमंदी," मामा म्हणाले. "नेट बंद हाये इकडं. बाजूच्या दुकानातला पोरगा म्हणते, ते टाकलं का चालू होते."

१३ मेच्या शनिवारी रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल झाली होती. एक माणूस गेला, गाड्या जळाल्या, जमावबंदी लागली आणि पाठोपाठ इंटरनेट बंद झालं. मामांचं घर त्या भागापासून लांब आहे, पण मोबाइलचा टॉवर असा भाग पाहून बंद होत नाही.

"नाही चालणार मामा."

"काहून? तू तं इंजिनिअर हायेस."

आमच्या घराण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणजे रिचार्ज, प्रिंटर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स आणि शेजारच्यांच्या मुलाचं सीईटीचं फॉर्म, या सगळ्यांचा अधिकृत ठेकेदार. मी बडनेऱ्याच्या कॉलेजातून डिग्री घेतली, आता पुण्यात पगार घेतो, दिवसभर सर्व्हर सांभाळतो. आणि मामांना सांगतोय की होत नाही. त्यांना ते कामचुकारपणासारखं वाटलं असणार.

मी म्हटलं, "मामा, अमरावती-अकोला रोडच खणून ठेवला तर गाडी कितीही भारी असली तरी जाईल का?"

हे उदाहरण त्यांना लगेच पटलं, कारण त्या रोडनं वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या कमरेचा हिशोब वर्षानुवर्षं घेतला होता. नंतर २०२२ च्या जूनमध्ये त्याच रोडवर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीजमध्ये नाव गेलं, ते वेगळं. पण मी जे सांगत होतो ते मला दीड वर्षापूर्वीच कळलं होतं, आणि तेही इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून नाही.

नोव्हेंबर २०२१. मी तेव्हा अमरावतीला घरूनच काम करत होतो. नोकरी नवीन, प्रोबेशन चालू. १२ नोव्हेंबरच्या शुक्रवारी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दोन्ही दिवशी दगडफेक-जाळपोळ झाली आणि शहरात संचारबंदी लागली. शनिवारी माझ्या मोबाइलवर वर कोपऱ्यातलं '४जी' हे चिन्ह नाहीसं झालं. (तोही १३ तारखेचा शनिवारच. वऱ्हाडानं १३ तारखेच्या शनिवारी मोबाइल बाजूला ठेवून झोपावं, असं आई म्हणते.)

घरी ब्रॉडबँड नव्हतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन, एवढीच माझी कंपनी होती. सोमवारी सकाळी मॅनेजरचा बेंगळुरूहून फोन: व्हीपीएन कनेक्ट का होत नाही? मी सांगितलं, शहरात इंटरनेट बंद आहे. तो म्हणाला, मग व्हीपीएन लाव ना. हा माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त या धंद्यात होता. मी एसएमएसवर रजा टाकली. आयुष्यात एसएमएसवर टाकलेली ती एकमेव रजा.

त्या दिवसांत गल्लीतल्या एका पोरानं ब्लूटूथवरून एक एपीके फाइल फिरवली. 'सुपर' का कायसं नावाचं व्हीपीएन. याच्यानं बंद नेटही चालतं, अशी ख्याती. मला हसू आलं, आणि तरी मी ते घेतलं. हे कबूल करायला हवं. प्रोबेशनमधला माणूस काहीही करून बघतो. इन्स्टॉल करताना त्यानं परवानग्या मागितल्या: कॉन्टॅक्ट, एसएमएस, आणि शेवटी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते वाचण्याचा आणि माझ्या वतीनं बटणं दाबण्याचा हक्क. व्हीपीएनला यातलं काहीच लागत नाही. त्याला फक्त अँड्रॉइडची एकच परवानगी लागते, जोडणी स्वतःकडून वळवण्याची. मी तिथेच थांबलो आणि ते काढून टाकलं. गल्लीत मग पाच-सहा जणांना सांगत फिरलो. दोघांनी ऐकलं.

इंटरनेट बंद करणं म्हणजे सरकारनं एखादं बटण दाबणं नसतं. तेव्हा २०१७ चे दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम लागू होते. गृह खात्याच्या सचिवाच्या पातळीवरून आदेश निघतो, कंपन्यांना जातो, कंपन्या त्या भागातल्या टॉवरांचा डेटा बंद करतात. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या खटल्यात सांगितलं होतं की अशी बंदी बेमुदत ठेवता येणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील. त्यानंतर काश्मिरात आधी टूजी आलं, तेही मोजक्या ठरवून दिलेल्या वेबसाइटींपुरतं. तिथे मात्र लोकांनी व्हीपीएन धडाधड वापरलं, कारण तिथे बारीक का होईना, पायवाट उघडी होती. आमच्याकडे पायवाटही नव्हती. 'काश्मीरमध्ये चालते तं आपल्याकडं काहून नाही' या गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

तर, मामांचं नेट काही दिवसांनी आपोआप आलं. पण व्हीपीएन हा शब्द त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

जूनमध्ये मामेबहिणीच्या अ‍ॅडमिशनसाठी मी अकोल्याला गेलो. सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरलो ते थेट बाजार समितीत, मामांच्या अडतीवर. मामा अडत्या आहेत: तूर, हरभरा, सोयाबीन. मी चहा घेतोय तोवर मोबाइल समोर आला.

"टाक आता. नेट चालू हाये."

"पण मामा, आता कशाला?"

"सेफ राह्यते म्हणते न बावा."

मला खरं तर बरं वाटलं. इतक्या दिवसांनी मला येणारं काहीतरी माझ्या माणसाला हवं होतं. मी समजावून सांगायला बसलो. म्हटलं, मामा, तुम्हीच व्हीपीएन आहात. शेतकरी माल आणतो, तुमच्या अडतीवर ढीग टाकतो, हर्रास होतो. घेणाऱ्याला ढीग दिसतो आणि अडत कोणाची ते दिसतं. मागे शेतकरी कोण, कुठल्या गावचा, हे त्याला दिसत नाही. पैसा तुमच्याकडून शेतकऱ्याकडे. व्हीपीएन तसंच. तुमचा मोबाइल सगळा माल बंद पोत्यात भरून एका लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो. टॉवरवाल्याला, स्टेशनवरच्या फुकट वायफायवाल्याला फक्त पोतं दिसतं, आत काय आणि जाणार कुठे ते नाही. तो सर्व्हर पोतं उघडतो आणि माल पुढे पाठवतो. पुढच्याला वाटतं, माल या सर्व्हरचाच.

मामांनी तीस वर्षं अडत केली आहे. त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हणजे टॉवरवाल्यापासून लपलं, पण त्या अडत्याले तं सारं माहीत."

"हो."

"अन् तो अडत्या कोण हाये, कुठचा हाये, तुले माहीत हाये?"

पुण्यात, हिंजवडीत, इतक्या थेट कुणी विचारलं नव्हतं. खरी गोष्ट हीच आहे. व्हीपीएननं भरवसा संपत नाही, तो एकाकडून काढून दुसऱ्याच्या हातात दिला जातो. ओनाव्हो नावाचं एक अ‍ॅप होतं, 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' म्हणणारं. फेसबुकनं ती इस्रायली कंपनी २०१३ मध्ये विकत घेतली आणि लोक कुठली कुठली अ‍ॅप किती वापरतात, हे त्याच बंद पोत्यांतून बघितलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅपलच्या दबावानं ते त्यांच्या स्टोअरवरून गेलं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हे तं अडत्यानंच शेतकऱ्याचा माल पाहून भाव फोडल्यासारखं झालं." आणि फुकट व्हीपीएनबद्दल त्यांचं मत मी न विचारताच आलं: "फुकट अडत करणारा मी आजवर पाह्यला नाही."

आपल्या देशातला भागही सांगितला. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. जे विकतात तेच मुळी 'आम्ही नोंद ठेवत नाही' म्हणून, त्यांना हे कसं परवडणार? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. माझ्या ऑफिसच्या व्हीपीएनला तो नियम नाही, ते कंपनीच्या आतल्या कामाचं. मामा मात्र सरकारच्या बाजूचे निघाले. "आमाले नाही का दप्तर ठेवा लागत बाजार समितीचं?"

एवढं सगळं नीट झालं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं.

पण मी माझ्या पैशाच्या सबस्क्रिप्शनमधून त्यांच्या मोबाइलवर एक चांगलं व्हीपीएन टाकलं. वायरगार्डवर चालणारं, चोख. अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू असलं की वरच्या पट्टीत किल्लीचं बारीक चित्र येतं. मामांनी चष्मा वर करून ते पाहिलं.

"हे चाबी दिसून राह्यली ते?"

"हो. ही चाबी दिसत असली की सगळं कुलूपबंद. आता बिनधास्त राहा."

हे वाक्य माझंच आहे. मामांनी ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं.

जानेवारी २०२४. तुरीचे दिवस, अडतीवर पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळी मामांना एक मेसेज आला: मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, रात्री साडेनऊला लाइन कापण्यात येईल, या नंबरवर बोला. असे मेसेज तेव्हा महाराष्ट्रभर फिरत होते, महावितरणही 'आम्ही असे मेसेज पाठवत नाही' म्हणून सांगत होतं. पण मामांनी त्या महिन्याचं बिल खरोखरच उशिरा भरलं होतं. लबाडीला लागतं तेवढं खरं मिळालं.

पलीकडचा माणूस हिंदीत, अदबीनं बोलला. बिल भरलंय ते दिसतंय, पण सिस्टीममध्ये चढलं नाही, १० रुपये भरून अपडेट करा. जमत नाही? मग हे अ‍ॅप घ्या, मी मदत करतो. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरचंच होतं, स्क्रीन लांबून दाखवण्याचं. त्यात खोट काही नाही, आमच्या ऑफिसचा सपोर्टवाला अशाच अ‍ॅपनं माझा लॅपटॉप दुरुस्त करतो. मामांनी त्यानं पाठवलेल्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर टाकला. तीन वेळा ओटीपी आला, तो मेसेज स्क्रीनवर वर झळकला, पलीकडच्यानं वाचला. मामांना काही सांगावंही लागलं नाही. ८६,००० रुपये गेले.

मला फोन आला तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. मामींच्या मोबाइलवरून. मागे मापारी कुणाला तरी वजन ओरडून सांगत होता.

मी पहिलं सांगितलं, मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका. मग मामींच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड बंद करायला लावलं. आणि मी पुण्यातून १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर पाठ करून ठेवावा असा आहे, कारण त्या क्षणी शोधायला डोकं चालत नाही. तिथे विचारतात ते सरळ असतं: कुठल्या खात्यातून, किती, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. यांचा उपयोग एवढाच की पैसा ज्या खात्यात गेला तिथून तो पुढे उडायच्या आत ते खातं गोठवता यावं. चोर तो मिनिटांत पाच-सात खात्यांत फिरवतो, म्हणून पहिल्या तासाला सगळी किंमत. रात्री पोर्टलवर तक्रार भरली. दुसऱ्या दिवशी कळलं, २२,००० एका खात्यात अडकलेत. बाकीचे पुढे गेले होते. ते २२,००० परत यायलाही कागद, अर्ज आणि बरेच महिने लागले.

पण त्या रात्री पैशाचं नंतर बोललो. मामांनी आधी विचारलं ते हे:

"चाबी तं दिसत होती रे."

मी काय सांगणार होतो? चाबी दिसतच होती. व्हीपीएन उत्तम चालू होतं. मी रात्रभर ते डोक्यात मांडत बसलो. ते दहा रुपयांचं पान एचटीटीपीएसवालं होतं, म्हणजे पत्त्याशेजारी कुलपाचं चित्रही असणार. असं प्रमाणपत्र आज कुणालाही फुकट मिळतं, ते फक्त एवढंच सांगतं की मधलं कुणी ऐकत नाहीये. पलीकडे कोण बसलाय ते सांगत नाही. वर चाबी, शेजारी कुलूप. आणि मामांच्या मोबाइलची स्क्रीन चोरापर्यंत जात होती ती माझ्याच पैशाच्या बंद पोत्यातून, जगातल्या भल्याभल्यांना फोडता येणार नाही अशा एन्क्रिप्शनमध्ये गुंडाळून. टॉवरवाल्याला काही दिसलं नाही, रस्त्यात कुणीही डोकावलं नाही. चोराचा माल मी सुखरूप पोचवला.

आमच्या धंद्यात एक सवय आहे. जे आपल्याला बांधता येतं त्यालाच आपण धोका समजतो. मला बोगदा बांधता येत होता, म्हणून मी मामांच्या रस्त्याची काळजी केली. त्यांच्या रस्त्यात तसा धोका नव्हताच. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, सगळंच आधीपासून एन्क्रिप्टेड असतं. मामा कधी स्टेशनच्या वायफायवर बसून बँकेचं काम करत नाहीत. त्यांचा धोका साध्या फोनवरून, अदबीच्या हिंदीत येणार होता. आणि त्यांची खरी ढाल, म्हणजे ढिगात हात घालून, दाणा दाताखाली धरून, 'ओल हाये यात' म्हणणारा त्यांचा तीस वर्षांचा संशय, ती मी 'बिनधास्त राहा' म्हणून काढून घेतली होती. मामी नंतर म्हणाल्या, त्या माणसाशी बोलताना मामा एकदा थांबले होते. वर पाहिलं, चाबी दिसली, आणि पुढे गेले.

हे मी त्यांना सगळं सांगितलं का? सांगितलं, पण फेब्रुवारीत, अकोल्याला जाऊन. फोनवर हिंमत झाली नाही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुह्या भरवशानं मी नाही फसलो, माह्या घाईनं फसलो. लाइन कापली असती तं कापली असती." मग थोडा वेळ गेला. "पण तू तसं म्हणाले नव्हतं पाह्यजे."

दोन्ही वाक्यं खरी होती.

व्हीपीएन काढून टाक, असं त्यांनी सांगितलं. मी काढलं. माझ्या लॅपटॉपवर ते अजून आहे. बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट बघताना, हॉटेलच्या वायफायवर, ऑफिसच्या कामाला मी ते लावतोच, त्याचं काम ते नीट करतं. मामांच्या मोबाइलमध्ये त्याऐवजी चार साध्या गोष्टी केल्या. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद, ते ज्या दिवशी लागेल त्या दिवशी उघडायचे. प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप घेण्याची परवानगी बंद. आणि अडतीचे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्डच नाही. यातल्या एकाचीही चाबी वर दिसत नाही, त्यामुळे मामांना सुरुवातीला हे काम काही केल्यासारखं वाटलं नाही.

१९३० हा नंबर मी मोबाइलमध्ये सेव्ह करून देत होतो. मामा म्हणाले, मोबाइलच त्याच्या हातात गेला असला तर तो नंबर घेऊन काय करू? बरोबर होतं. त्यांनी खडू घेतला आणि अडतीच्या फळ्यावर, भावांच्या खाली, मोठ्या आकड्यात लिहून टाकला. आजूबाजूच्या अडतीवाल्यांनाही दिसावा म्हणून.

मी निघालो तेव्हा बार्शीटाकळीकडचे एक काका फळ्यासमोर उभे राहून डोळे बारीक करून वाचत होते.

"काय हो, ज्वारी एकोणीसशे तीसनं घेऊन राह्यले काय?"